मेहुण्याच्या दुकानातली गादी

चांगली झोप लागावी म्हणून गादी कशी निवडायची, यावर तुमच्या धंद्यातल्या अनुभवांतून लिहा, असं दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं. मी दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा चार ओळींनंतर माझ्या मेहुण्याचं, युनूसचं नाव आलं. पहिल्या वेळी ते खोडलं. दुसऱ्या वेळी राहू दिलं. त्याला वगळून लिहिलं असतं तर नुसती कापसाची माहिती उरली असती.

मी शिरूरचा गादीवाला, दस्तगीर. बाजारातून घोड नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात माझं दुकान आहे. एक खोली आणि पुढं पत्र्याची पडवी. माझे वडील खांद्यावर धनुष्यासारखी पिंजण घेऊन गावोगाव फिरायचे आणि लोकांच्या ओट्यावर बसून त्यांचा कापूस पिंजून द्यायचे. मी पिंजायचं मशीन घेतलं, पण बाकी काम तेच राहिलं. रुई पिंजून मोकळी करायची, खोळीत भरायची, काठीनं बडवून सारखी करायची आणि मोठ्या दाभणानं आरपार टाके घालायचे. टाके नसतील तर महिन्याभरात सगळा कापूस पायथ्याशी गोळा होतो. दोन-तीन वर्षांनी गादी दबते, तेव्हा ती उसवून तोच कापूस पुन्हा पिंजायचा. आपली गादी कधी मरत नाही, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो.

मी कुणाला गादीवर झोपून बघा म्हटलं नाही. माझ्याकडे तयार गादी नसायचीच. माणूस पडवीत आला की मी त्याचं अंग बघायचो. वजन किती असेल, खांदा केवढा आहे, बसताना गुडघ्यावर हात टेकतो का, हे बघून किती किलो कापूस आणि किती दाबून, ते मनाशी ठरायचं. हे मला चांगलं जमायचं आणि त्याचा मला अभिमान होता, तो अजून आहे.

एकदा रांजणगावच्या कंपनीत कामाला असलेले दोघे बिहारी माझ्याकडे आले. खोली एक, खाट एक, गादी एक. एकाची दिवसपाळी असेल तेव्हा दुसऱ्याची रात्रपाळी. एक जण उठला की दुसरा त्याच गादीवर पडायचा. त्यातला एक आडव्या अंगाचा, जाडजूड, आणि दुसरा काडीसारखा. जाडा म्हणायचा गादी रुतते, बारीक म्हणायचा हाडं टोचतात. गादीवरून बोलणी बंद होण्यापर्यंत मजल गेली होती. मी त्यांना एकच गादी दोन बाजूंची करून दिली. एका बाजूला कापूस ठासून भरला, मध्ये एक जुनं जाड कापड घातलं आणि दुसऱ्या बाजूला मऊ रुई सैल भरली. ज्याची पाळी संपेल त्यानं येऊन गादी उलटी करायची. सहा महिन्यांनी दोघे मिठाई घेऊन आले आणि मला उस्ताद म्हणाले. तो शब्द मी घरी शमीमला, माझ्या बायकोला, दोनदा सांगितला. ती म्हणाली, पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

युनूस शमीमचा धाकटा भाऊ. तिला तो आपा म्हणतो, मला दाजी. दौंडचा. त्यानं पुण्यात फोमच्या गाद्यांच्या दुकानात काही वर्षं नोकरी केली आणि मग भांडगावात, सोलापूर रस्त्यावर स्वतःचं दुकान टाकलं. पुढं पूर्ण काच, आत थंड हवा, आणि बारा-पंधरा गाद्या पलंगांवर ओळीनं मांडलेल्या. उद्घाटनाला आम्ही दोघं गेलो. मी पेढा खाल्ला, दुकान चांगलं झालंय म्हणालो आणि परत येताना एसटीत अर्ध्या वाटेवरच्या न्हावऱ्यापर्यंत बोललो नाही.

हेवा वाटतो तेव्हा माणूस कारणं शोधतो. मला पहिलं कारण लगेच सापडलं. युनूसला टाका घालता येत नाही. आयुष्यात त्यानं दाभण हातात धरलेलं नाही. गादी कंपनीतून गुंडाळून येते, तो नुसती प्लॅस्टिकची पिशवी फाडतो, आणि लोक त्याला गादीतला जाणकार म्हणतात. पण खरं कारण वेगळं होतं. त्याच्या दुकानात लोक चपला काढून आत जात, गादीवर आडवे होत आणि हसत. नवरा-बायको, म्हातारी माणसं, सगळीच. मी हे समोरच्या रसवंतीत बसून पाहिलंय. एका कामाला चौफुल्याला गेलो होतो, तिथून मुद्दाम भांडगावला गेलो आणि उसाच्या रसाचे दोन ग्लास संपेपर्यंत काचेतून बघत बसलो. आमच्याकडच्या एका बागायतदार आप्पांना मी आत बघितलं. त्यांच्या दोन्ही मुलींच्या रुखवतातल्या गाद्या मी भरल्या होत्या. आप्पा टोपी काढून छातीवर ठेवून पडले होते, आणि युनूस शेजारी उकिडवा बसून त्यांच्याशी बोलत होता. माझ्या दुकानात कुणी असं कधी पडलं नाही. मला आप्पांचा राग यायला हवा होता, आला युनूसचा.

त्या वर्षी ईदनंतर शमीम माहेरी दौंडला चार दिवस राहिली. ती परत आली तेव्हा मी पडवीत खोळ शिवत होतो. तिनं पिशवी ठेवली, पाणी प्यायली आणि सहज सांगावं तसं म्हणाली,

"युनूसच्या घरी सकाळी आठला जाग आली मला. खांदा दुखलाच न्हाई."

शमीमचा उजवा खांदा आणि कंबर कित्येक वर्षं दुखत होती. सकाळी उठल्यावर ती आधी भिंतीला टेकून उभी राहायची, मग चुलीकडे जायची. मी तिला गादी करून दिली नव्हती असं नाही. दर दोन वर्षांनी नवी करून दिली, आणि दर वेळी आधीपेक्षा टणक, कारण पाठदुखीला कडक गादी चांगली, हे मी वडिलांकडून ऐकलं होतं आणि पुढं शेकडो लोकांना सांगितलं होतं. आता ती म्हणत होती की फोमवर झोपून तिला बरं वाटलं. तिनं तशी एक गादी घ्यायची का, असं विचारलं. मी म्हणालो, गादीवाल्याच्या घरात बाहेरची गादी आली तर बोळातले लोक काय म्हणतील. तिनं पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भिंतीला टेकून उभी होती, आणि मी तिच्याकडे न बघता दुकान उघडायला गेलो.

आता जे सांगायचं आहे ते मी फार जणांना सांगितलेलं नाही.

रूथबाई मला तिसरीला शिकवायला होत्या. शिरूरच्या मिशनच्या वस्तीत त्यांचं जुनं बैठं घर आहे. लग्न केलं नाही, पेन्शनीवर एकट्या राहायच्या, आणि वयाच्या पंच्याहत्तरीनंतरसुद्धा दर रविवारी चर्चला चालत जायच्या. त्या न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. घरी आणलं तेव्हा त्यांची भाची अनिता रजा काढून सोबतीला आली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की बराच काळ पडून राहावं लागेल, तेव्हा गादी नीट बघून घ्या. कुणीतरी अनिताला भांडगावच्या दुकानाचं नाव दिलं होतं. पण बाई म्हणाल्या, आधी दस्तगीरला विचार, तो आपल्या शाळेचा आहे.

मी गेलो. बाई खूप बारीक झाल्या होत्या. कमरेचं हाड चादरीतून वर आलेलं दिसत होतं. मी ते बघितलं. माणूस बघून गादी ठरवण्यात माझी हयात गेली आहे, त्यामुळे मला ते दिसलं नाही असं मी म्हणू शकत नाही. इतक्या बारीक अंगाच्या आणि दिवसभर एकाच जागी पडून राहणाऱ्या माणसाला कापसाची गादी चालत नाही. कापूस दबतो, मग खालच्या पाटासारखा होतो, आणि हाड जिथं टेकतं तिथली कातडी रक्ताविना राहते. तिथं खाली घट्ट आणि वर मऊ फोमची गादी हवी, नाहीतर हवेची. हे मला माहीत होतं.

अनितानं विचारलं, भांडगावला जाऊ का. मी म्हणालो, "उन्हाळा तोंडावर आलाय. फोमवर उकडतं. पाठ भाजून निघंल बाईंची."

यात खोटं काही नव्हतं. फोमवर उकडतंच. पण मी ते कशासाठी बोललो, ते मला बोलतानाच कळत होतं. बाई म्हणाल्या, "तू म्हणशील ती घेऊ." मी घरी येऊन माझ्याकडची सगळ्यात चांगली, लांब धाग्याची रुई काढली, दोन दिवस दुसरं काम घेतलं नाही, टाका इतका बारीक घातला की मोजून बघावा. तशी गादी मी पुन्हा केली नाही. स्वतः नेऊन पसरली आणि पैसे घेतले नाहीत. घरी येताना मला वाटत होतं की ही गादी युनूसनं एकदा येऊन बघावी.

तीन आठवड्यांनी अनिता दुकानात आली. तिनं ओरडावं असं मला नंतर फार वाटलं, पण ती हळूच बोलली. बाईंच्या माकडहाडापाशी आधी लाल झालं होतं, मग कातडी गेली, आता जखम आहे. डॉक्टर रोज पट्टी बदलतात. डॉक्टरांनी तिलाही झापलं होतं, कारण दर दोन तासांनी कूस बदलायची ती तिच्याकडून होत नव्हती. एकटीला बाई हलवता येत नव्हत्या. मग ती म्हणाली, डॉक्टर गादी बदला म्हणतात, तुम्हाला वाईट तर वाटणार नाही ना.

ती माझ्या मनाला जपत होती. मी तिला थांबायला सांगितलं, मागच्या खोलीत गेलो आणि युनूसला फोन लावला. त्याला मी आपण होऊन फोन केला असा तो पहिलाच. त्याला इतकंच सांगितलं की म्हाताऱ्या बाई आहेत, पडून आहेत, जखम झालीय. त्यानं बाईंचं वजन विचारलं, जखम कुठं आहे ते विचारलं, आणि म्हणाला, "दाजी, मी निघतो. तवर त्यांना कुशीवर करून ठिवा."

गादी कुणी दिली होती, हे त्यानं विचारलं नाही. दुपारपर्यंत तो पिकअप घेऊन शिरूरात पोचला. फोमची गादी तर आणलीच, वाटेत औषधांच्या दुकानातून हवेची नळ्यांची गादीही घेतली. ती वर अंथरायची असते, पंपानं आळीपाळीनं तिचे कप्पे भरतात, म्हणजे एकाच जागी दाब राहत नाही. खोलीत आल्यावर त्यानं बाईंना नमस्कार केला, घरचाच माणूस आलाय असं समजा म्हणाला, आणि अनिताला बाईंच्या अंगाखाली चादर कशी सरकवायची, दोघांनी तिची टोकं धरून माणूस कसा उचलायचा आणि कुशीवर वळवून दोन गुडघ्यांमध्ये उशी कशी ठेवायची, ते दाखवलं. बाई एकदाही कण्हल्या नाहीत. माझी गादी त्यानं काढली, हातानं दाबून बघितली, टाक्यांवरून बोट फिरवलं. माझ्याकडे बघितलं आणि ती गुंडाळून भिंतीशी उभी केली.

बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, हे उचलायचं वगैरे कंपनीवाले शिकवतात का. तो म्हणाला, न्हाई, अब्बांना दोन वर्षं मीच करत होतो की.

अब्बा म्हणजे माझे सासरे. ते दौंडला दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते आणि त्यातच गेले. मी सणाला जायचो, पायाशी बसायचो, चहा पिऊन निघायचो. त्यांच्या अंगाखाली कोणती गादी आहे, हे मी, गादीवाल्यानं, कधी बघितलं नव्हतं. युनूसनं ती तीनदा बदलली होती. पुण्यातली नोकरी त्यानं नंतर धरली, आणि ती का धरली, हे मला त्या दिवशी पिकअपच्या मागं उभं राहून कळलं. एवढं कळूनही मला त्याचा हेवाच वाटला. आधी त्याच्या काचेचा वाटायचा, आता त्या दोन वर्षांचा वाटला.

बाईंची जखम भरायला पावसाळा निम्मा गेला. मी दर आठवड्याला जायचो. प्रत्येक वेळी बाई युनूसचं कौतुक करायच्या. किती जपून उचललं, कसा मुलगा आहे, तुझा मेहुणा म्हणजे तुझ्याच हाताखाली शिकला असेल. मी मान हलवायचो. ती मान खोटी होती.

श्रावणात त्या वॉकर धरून अंगणापर्यंत आल्या. खुर्चीवर बसल्या आणि अनिता चहा करायला आत गेली. मी त्यांच्यासमोर पायरीवर बसलो आणि सांगून टाकलं. म्हणालो, बाई, ती गादी तुम्हाला चालणार नाही हे मला माहीत होतं. तुम्ही युनूसकडे जाऊ नये म्हणून मी तसं बोललो.

बाईंनी वॉकरच्या रबरी मुठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या,

"गादी पसरताना तू माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस. मला वाटलं, मी अशी झालेली तुला बघवत नसेल."

आता मी त्यांच्याकडे बघितलं.

"मी तुला माफ करते, दस्तगीर," त्या म्हणाल्या. "मला ते करायलाच हवं. पण दुखलं फार. तेही तुला माहीत असू दे."

अनिता चहा घेऊन आली. आम्ही तिघांनी तो प्यायला. बाईंनी मला बशीतलं बिस्कीट घ्यायला लावलं आणि ते संपेपर्यंत उठू दिलं नाही.

घरी आल्यावर मी शमीमला म्हणालो, उद्या भांडगावला जाऊ. कशाला, ते तिनं विचारलं नाही. चांगली साडी नेसली आणि आमच्या मुलीला फोन करून सांगितलं की आम्ही उद्या घरी नाही.

युनूसनं आम्हाला पाहिलं, खुर्च्या दिल्या, थंड पाणी मागवलं. मी म्हणालो, तुझ्या आपासाठी गादी बघायचीय. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्यासारखं काही दिसतंय का, ते मी शोधलं. तसं काही दिसलं नाही, आणि मला त्याचाही त्रास झाला.

संपादकांनी मागितलेली माहिती मला तिथंच मिळाली, म्हणून तिथलीच सांगतो. गादी हातानं दाबून घेऊ नका आणि बसूनही घेऊ नका. दुकानात झोपा. आपण घरी जसे झोपतो तसे झोपा, आणि चांगली दहा मिनिटं झोपा, लाजू नका. उताणं झोपल्यावर कंबरेखालून हात सहज आरपार गेला, तर गादी तुम्हाला कडक आहे. हात शिरायलाच त्रास झाला, तर ती फार मऊ आहे. हात शिरावा, पण गादी त्याला लागून असावी. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आत गेला पाहिजे, नाहीतर सगळा भार खांद्यावर येतो आणि मान वाकडी राहते. जाड माणसाला जी गादी मऊ वाटते, तीच बारीक माणसाला पाट वाटते. पाठदुखीला कडकच गादी हवी, हे मी चाळीस वर्षं सांगत आलो, ते सगळ्यांना लागू नाही. ज्यांना मी सांगितलं आणि ज्यांचं दुखणं वाढलं, त्यांची मी इथं माफी मागतो.

शमीम पहिल्या गादीवर संकोचून पडली आणि लगेच उठली. दुसरीवर थोडी जास्त पडली. तिसरीवर ती उजव्या कुशीला वळली, गुडघे जवळ घेतले आणि हात गालाखाली घेतला. युनूस दोन पावलं मागं सरला.

"दाजी, तुम्ही बघा," तो म्हणाला. "आपाचा खांदा किती आत जातोय, कंबर सरळ ऱ्हातीय का, बघा."

मी वाकून बघितलं. ती उजव्या कुशीवर झोपते, हे मला तेव्हा कळलं. आम्ही एका छताखाली एवढी वर्षं काढली, आणि मी तिच्या गाद्या उताण्या माणसाच्या हिशेबानं भरत राहिलो. युनूसनं वजन विचारलं, वहीत लिहायला. मला तेही सांगता आलं नाही. त्यानंच अंदाजानं आकडा सांगितला, आणि तो बरोबर होता असं शमीमनं नंतर सांगितलं. मी तिच्या कंबरेपाशी हात सरकवला. गादी हाताला लागून होती.

"बरी वाटतीय का?" मी विचारलं.

ती काही बोलली नाही. मी पुन्हा विचारलं, तर युनूसनं ओठांवर बोट ठेवलं. शमीमला झोप लागली होती. भर दुपारी, ट्यूबलाइटखाली, बाहेर रस्त्यावरून ट्रक जात असताना. तिचं तोंड किंचित उघडं होतं आणि दुखरा खांदा गादीत पुरता बुडाला होता.

तेवढ्यात मोटारसायकलवरून एक जोडपं आलं आणि चपला काढायला लागलं. युनूसनं माझ्याकडे बघितलं. मी काचेचं दार हळूच लोटून बाहेर गेलो आणि त्यांना म्हणालो, "पंधरा मिनिटं थांबता का? आत आमची मंडळी झोपलीय."

ते दोघं समोरच्या रसवंतीकडे गेले. मी दाराकडे पाठ करून, आणखी कुणी येऊ नये म्हणून, तिथंच उन्हात उभा राहिलो.